परसात आगटी बांधायची आहे (गोराई, मुंबई)

गोराईची_लेक | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. खाडीपलीकडच्या गोराई गावात आमचं वडिलोपार्जित घर आहे. मागे उत्तर-दक्षिण चाळीस फूट लांब आणि तीस फूट खोल परस आहे. एक आंबा, दोन माड, विहीर आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. बाबा होते तेव्हा डिसेंबरात झावळ्या आणि करवंट्या पेटवून शेकोटी करायचे, आम्ही भावंडं भोवती बसायचो. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा घराची डागडुजी झाली आणि नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून अकरा जण येणार आहेत, त्यात पाच मुलं. सर्वांत लहान तीन वर्षांचं. म्हणून या वेळी नुसती जमिनीवर न पेटवता नीट आगटी बांधून घ्यावी असं मनात आहे.

मिस्त्री म्हणतो, दोन फूट खड्डा घेऊ, आतून सिमेंटचा गिलावा करू आणि काठाला नदीतले गोल गोटे लावू. मोबाइलवर फोटो दाखवला, दिसायला सुंदर आहे. जागा स्वयंपाकघराच्या दारासमोर, भिंतीपासून साधारण दहा फुटांवर धरली आहे, म्हणजे चहा-पाणी न्यायला सोपं. आंब्याची फांदी वर येते पण उंच आहे. कामातून निघालेल्या जुन्या खिडक्यांच्या चौकटी आणि प्लायवूड पडलंय, तेच जळण म्हणून संपवावं असा विचार आहे.

हे बरोबर आहे का? कुणी बांधली असेल तर मोकळेपणाने सांगा. काम सोमवारी सुरू होणार आहे.

---

भट्टीवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ११.२५

ताई, सोमवारचं काम थांबवा. आधी हे वाचा.

मी बेकरीच्या भट्ट्या आणि तंदूर बांधणाऱ्या घरातला. नदीतले गोटे आगीजवळ कधीही लावायचे नाहीत. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या दगडाच्या चिरांत पाणी मुरलेलं असतं. पाण्याची वाफ झाली की तिला जवळजवळ सोळाशे-सतराशेपट जागा लागते आणि दगडात ती जागा नसते. मग तो फुटतो. कर्जतला मित्राच्या शेतावर उल्हास नदीतून आणलेल्या गोट्यांची आगटी केली होती. तासभर काही झालं नाही. मग सुतळी बॉम्बसारखा आवाज आला आणि नखाएवढी कपची माझ्या हातातल्या स्टीलच्या पेल्यावर येऊन आदळली. पेल्याला पोचा पडला. पेला छातीसमोर धरला होता. तो पेला मी अजून ठेवलाय, नव्या कारागिरांना दाखवतो.

जांभा पण नको. तो छिद्राळ, पावसाचं पाणी पिऊन बसलेला असतो. बाहेरच्या कडेला कोरडा काळा दगड चालतो, पण ज्वाळेला लागून तोही नको.

सिमेंटचा गिलावा तर अजिबात नाही. सिमेंट तापून तीनशे अंशांच्या पुढे गेलं की ताकद सोडायला लागतं, चारशे-पाचशेला त्यातला चुना सुटा होतो, आणि लाकडाचे निखारे सहज त्याच्या वर जातात. पहिल्याच हंगामात पापुद्रे उडतील, तेही गरमागरम.

आतल्या कड्याला भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक घ्या. ती ९ × ४.५ × ३ इंचाची येते. तीन फूट आतला व्यास धरलात तर एका थरात १३ विटा आडव्या बसतात. चार थर म्हणजे ५२, फुटीतुटीला धरून ५५ आणा. बाहेरून साध्या लाल विटेचं दुसरं कडं, थराला १७, चार थरांना ६८. दोन्ही कड्यांमध्ये बोटभर फट राहू द्या. आतली वीट तापून फुगते, तिला जागा हवी, आणि बाहेरचं कडं त्यामुळे कमी तापतं. अर्थात कमी म्हणजे मुलांनी टेकावं इतकं कमी नाही. खालच्या थरात चार बाजूंना दीड-दीड इंचाच्या फटी सोडा, हवा खालून मिळाली की धूर निम्मा होतो.

आता गाऱ्याचं. फायर क्लेचा गारा खऱ्या भट्टीच्या तापानेच पक्का होतो. परसातल्या आगीने तो तितका भाजत नाही आणि आपल्या पावसात धुपून जातो. म्हणून माझं स्पष्ट मत: मुंबईत आतलं कडं बिनगाऱ्याचं, नुसतं रचीव ठेवा. मे अखेरीला विटा काढून पडवीत रचायच्या, नोव्हेंबरात परत लावायच्या. बाहेरचं कडं चिकणमातीत बांधा आणि चूल सारवतो तसं दरवर्षी सारवा. विटा ओल खातात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला तीन-चार दिवस अगदी लहान, ताटाएवढी आग करून त्या सुकवायच्या. पहिल्याच दिवशी मोठी होळी पेटवली तर चांगली वीटसुद्धा तडकते.

---

उत्तनचा_वारा | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

भट्टीवाले दादांशी सहमत. मी तुमच्याच पट्ट्यातला, उत्तनचा. दोन गोष्टी जागेवर राहणाऱ्यालाच कळतात, म्हणून लिहितो.

पहिली, खणू नका. विहिरीचं पाणी आत्ता किती खाली आहे बघा. आपल्याकडे दिवाळीनंतरही दोन फुटांवर माती ओलीच लागते आणि पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होणार, डास होणार. शिवाय तुमचा सिलिंडर स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून असेल, आपल्या बहुतेक घरांत तसाच असतो. तो गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर जमिनीलगत सरपटत जातो आणि सखल जागी साचतो. खड्डा म्हणजे त्याला आयतं आमंत्रण. त्यापेक्षा वरची चार इंच माती आणि पालापाचोळा काढून टाका, माडाच्या मुळ्या दिसल्या तर जागाच बदला, कारण सुकी मुळी आतल्या आत धुमसत राहते. मग चार इंच खडी पसरा आणि जमिनीवर कडं उभं करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमचं परस घराच्या पूर्वेला आहे ना? दुपारी चार वाजता जागा बघितलीत तर खारा वारा समुद्राकडून येतो, धूर घरापासून लांब, पूर्वेला जाताना दिसेल. तुम्हाला वाटेल, जागा झकास. पण आगटी पेटणार रात्री नऊला. तोवर वारा फिरलेला असतो. मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे थेट तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात. धूर जाईल तिथेच ठिणगी जाईल.

आज रात्री नऊला आणि पुन्हा अकराला धरलेल्या जागी उदबत्ती लावून उभ्या राहा. धूर कुठे जातो ते बघा. हे तीन रात्री करा. मग कुदळ मारा.

---

खिडकीपाशी | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.३२

मला थोडं कडू लिहायचंय, पण मनापासून लिहितेय. माझ्या मुलाला दमा आहे. हिवाळ्यात रात्री मुंबईची हवा खाली बसते, धूर वर जातच नाही, तो गल्लीत रेंगाळतो. शेजारच्या आवारात लाकडं पेटली की आम्ही खिडक्या लावून, पंप हातात घेऊन रात्र काढतो.

शहरात याच कारणासाठी काय काय झालंय तेही लक्षात घ्या. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर बंदी घालून पाच हजारांचा दंड ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांनाही लाकूड-कोळसा सोडून सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. ज्यांचं पोट भट्टीवर आहे त्यांना हे सोसावं लागतंय, मग हौसेसाठी पेटवणाऱ्यांनी निदान विचार करावा.

आणि ताई, प्लायवूड जाळू नका. त्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड निघतं. जुन्या चौकटींवर ऑइलपेंट असेल तर आणखी वाईट. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल कोण जाणे. ती राख परसात, विहिरीशेजारी पडणार आहे.

---

गोराईची_लेक | १९ नोव्हेंबर, रात्री ११.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रीला फोन करून काम थांबवलं.

उत्तनदादा, तुमचं ऐकून रात्री नऊला उदबत्ती लावली. धूर सरळ स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरला. आई आतून म्हणाली, "देवासमोर लावलीस का गं?" मी तिथेच उभी राहिले. त्याच दारात माझी भाची सारखी ये-जा करते. आणि सिलिंडर, तुम्ही म्हणालात तसाच, त्याच भिंतीला बाहेरून आहे.

परसाच्या दक्षिण टोकाला, जिथे घराची भिंत संपते त्याच्या पुढे, उदबत्ती धरली तर धूर घराला न लागता नैऋत्येला आमच्याच मोकळ्या वाडीवरून जातो. तिथून स्वयंपाकघराची भिंत बावीस फूट, आंब्याच्या फांदीचं टोक सोळा फूट. वर तारा नाहीत. चालेल?

खिडकीपाशी, तुमच्यावर रागावण्यासारखं काहीच नाही. चौकटी आणि प्लाय भंगारात देते. आमचे शेजारी म्हणजे उत्तरेला एक आजी-आजोबा आणि पलीकडे एक कुटुंब. त्यांना आधी विचारेन. ते नको म्हणाले तर पेटवणार नाही, हे इथे लिहून ठेवते.

मुंबईत थंडी कुठे, असंही कुणी विचारेल. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, अजून तो नीचांक आहे, आणि बाबा त्या रात्रीची गोष्ट सांगायचे. आता तशी थंडी पडत नाही हे खरंच. मला ऊब नकोय, सगळे एका जागी गोल बसायला हवेत. घरात बसलो की प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये.

---

भट्टीवाला | २० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

बावीस फूट चांगलं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या फायर कोडमध्ये उघड्या शेकोटीला इमारतीपासून २५ फूट सांगितलेत आणि जळणाचा ढीग तीन फूट रुंद, दोन फूट उंच यापेक्षा मोठा नको असं आहे. आपली घरं चिकटून असतात, त्यामुळे आपण ढीग त्याहून लहान ठेवावा. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेली की नवं लाकूड घालायचं थांबवा. अजून तीन फूट सरकता आलं तर सरका.

जळण बाभळीचं किंवा आंब्याचं, एक पावसाळा छपराखाली काढलेलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटा. टणटण वाजले तर सुके, भद्द आवाज आला तर ओले. ओल्या लाकडाचाच धूर खिडकीताईंच्या मुलाला होतो. झावळी नको. बाबांच्या वेळी चालली असेल, पण ती क्षणात भडकते आणि पेटती पाती हवेत उडतात. पेटवायला करवंटी, गोवरीचा तुकडा, कापूर पुरे. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांपैकी काही नको. सॅनिटायझरची ज्वाळा उजेडात दिसतसुद्धा नाही.

आवारात कण्हेर असेल तर तिची काटकी चुकूनही आत जाऊ देऊ नका, तिचा धूरही विषारी. आणि स्वतःच्या आवारातलं असलं तरी झाड तोडून जळण करायचं नाही, त्याला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

---

गच्ची_सातवी | २० नोव्हेंबर, दुपारी १.१५

छान धागा. आमची सोसायटी मुलुंडला. गच्चीवर ३१ डिसेंबरला पत्र्याच्या पिंपात अशीच आगटी करायचा बेत आहे. पिंप गॅल्व्हनाइज्ड आहे, गंजणार नाही. काही सूचना?

---

भट्टीवाला | २० नोव्हेंबर, दुपारी १.४०

दादा, करू नका. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे वर जस्ताचा थर. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, जास्त तापलं की त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असतो. गच्चीवर खाली वॉटरप्रूफिंगचा डांबरी थर, शेजारी प्लास्टिकच्या टाक्या, वरून केबल, आणि आग लागली तर सात मजल्यांची माणसं ज्या जिन्याने उतरणार तो एकच. टेबलावरच्या बायोइथेनॉलच्या दिव्यांबद्दलही सांगतो: गरम असताना त्यात पुन्हा ओतलं की ज्वाळा उलटी बाटलीत शिरते. गच्चीवर दिव्यांच्या माळा लावा.

---

ड्रेसिंगरूम | २१ नोव्हेंबर, रात्री १२.२०

ड्यूटीवरून आले आणि धागा वाचला. मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिका आहे, एकवीस वर्षं.

विटांबद्दल मला कळत नाही. माणसं कशी भाजतात ते सांगते. ओढणी. पदर. मागे वाकून कुणाला तरी चहा देताना पदर निखाऱ्याला लागतो आणि सिंथेटिक साडी वितळून कातडीला चिकटते. त्या रात्री सगळ्यांनी सुती घाला, ओढण्या घरात ठेवा. जवळ एक घोंगडी ठेवा, लोकरीची, नायलॉनची नको. कुणाचे कपडे पेटले तर त्याला पळू द्यायचं नाही. आडवं पाडा, घोंगडीत गुंडाळा, लोळवा.

भाजलंच तर नळाचं वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं. घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं वीस वाटतात. बर्फ नाही. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, बटाट्याचा कीस नाही. आम्हाला ते सगळं आधी खरवडून काढावं लागतं आणि ते लेकरू किंचाळत असतं. अंगठ्या, बांगड्या, पैंजण लगेच काढा, नंतर सूज येऊन निघत नाहीत. मग स्वच्छ सुती कापड सैलसर झाका आणि निघा. चेहरा, हात, पाऊल, सांधा, किंवा रुग्णाच्या तळहाताहून मोठं भाजलं असेल तर घरी थांबायचंच नाही. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. गोराईहून रात्री बोट कितीला बंद होते ते बघून ठेवा, आणि भाईंदरमार्गे गाडीने निघायचं तर चालवणारा एक जण त्या रात्री न पिता असू द्या.

अग्निशमनच्या १०१ वर फोन करायचाच, पण त्यांनाही लांबून यायचंय. विहिरीवर पंप आहे ना? पाइप आगटीपर्यंत पोचतो का ते दिवसा बघा. शिवाय पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या जवळ हव्यातच.

---

बाप_एका_मुलीचा | २१ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

ताईंनी वॉर्डातलं सांगितलं, मी घरातलं सांगतो. अजून कुठे लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी, १ जानेवारी, मनोरीचा किनारा. सकाळचे साडेसात. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आदल्या रात्री कुणीतरी वाळूत शेकोटी केली होती आणि जाताना वरून वाळू लोटली होती. त्यांनी चांगल्या मनानेच केलं असणार. वर काही दिसत नव्हतं. आजूबाजूच्या वाळूसारखीच वाळू, थोडी जास्त कोरडी. ती चप्पल हातात घेऊन पळत होती. एक पाऊल तिथे पडलं, ते रुतलं, आणि तोल सावरायला दुसरंही तिथेच.

वाळूने आग विझत नाही. वाळू निखाऱ्यावर पांघरूण घालते. आत ऊब तशीच राहते, वरून दिसेनाशी होते, एवढंच. पाच पावलांवर समुद्र होता म्हणून तिला उचलून पाण्यात उभी केली, पण खारं पाणी, वाळू, तिचं रडणं. दोन्ही तळव्यांना त्वचारोपण करावं लागलं. आता ती अकराची आहे, धावते, खो-खो खेळते. पण उजव्या पायाची करंगळी पूर्ण उघडत नाही.

तुमच्याकडे तीन वर्षांचं मूल आहे. ते सकाळी सगळ्यांच्या आधी उठेल आणि काल मजा आली होती तिथेच जाईल. राख माती टाकून झाकू नका. जळण संपत आलं की निखारे पसरा, मग पाणी झारीने, थोडं थोडं. एकदम बादली ओतली तर वाफ तोंडावर येते आणि विटा तडकतात. लोखंडी सळीने ढवळा, पुन्हा पाणी. चर्र आवाज यायचा थांबेपर्यंत. आणि तरीही सकाळी आधी मोठ्या माणसाने जाऊन बघायचं.

---

गोराईची_लेक | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.००

दादा, वाचून काही सुचेना. भावाला फोन करून मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिलंत, त्याबद्दल फार आभार.

---

खिडकीपाशी | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

मुलीला खूप शुभेच्छा. आणि गोराईताई, तुम्ही शेजाऱ्यांना विचारणार म्हणालात, तेवढ्यानेच मला बरं वाटलं. त्या दिवशीचा हवेचा निर्देशांक बघूनच ठरवा. खराब असेल तर पुढे ढकला.

---

उत्तनचा_वारा | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

राहिलेलं एक. थंडीत कुणाला तरी निखारे शेगडीत भरून माजघरात न्यायची इच्छा होते. बंद खोलीत निखाऱ्याचा वायू वासाशिवाय मारतो. आगटीतलं काहीही घरात जाता कामा नये.

---

गोराईची_लेक | २ जानेवारी, दुपारी ४.१५

मंडळी, कसं झालं ते कळवते.

मिस्त्रीला हा धागा वाचून दाखवला. गोट्यांसाठी त्याने जरा नाक मुरडलं, पण कर्जतच्या पेल्याची गोष्ट ऐकून गप्प झाला. भट्टीची वीट आणायला दोन फेऱ्या झाल्या, पहिल्या दुकानदाराने तशीच दिसणारी साधी वीट दिली होती. एका दिवसात कडं उभं राहिलं. जागा आणखी दोन फूट दक्षिणेला नेली, भिंत चोवीस फूट. महापालिकेच्या आर मध्य विभाग कार्यालयात जाऊन विचारलं, कचरा जाळायचा नाही आणि शेजाऱ्यांची तक्रार यायला नको, एवढं त्यांनी बजावलं.

उत्तरेच्या आजोबांना खोकला आहे. ते म्हणाले, पेटव, पण दहाला बंद कर. म्हणून एकूण दोनच रात्री पेटवली, २५ आणि २८ ला, आठ ते पावणेदहा. २७ ला हवा खराब होती, ती रात्र सोडली. २८ ला आजोबा स्वतः येऊन वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि बाबांच्या लहानपणीचं बोलले, जे मला माहीत नव्हतं.

आगटीपासून चार फुटांवर चुन्याची रेघ मारली होती, लहान मुलांनी तिच्या आत यायचं नाही. तीन वर्षांच्या भाच्याला ते पटलं, तो दुसऱ्यांनाही ओरडत होता.

विझवायला पंचेचाळीस मिनिटं लागली. आम्हाला वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. झारीच्या अकरा फेऱ्या. प्रत्येक वेळी वाटायचं झालं, आणि ढवळलं की खालून लाल. शेवटी भावाने हाताची मागची बाजू राखेच्या वर धरून बघितली आणि मग वर पत्रा टाकून चार विटा ठेवल्या.

२६ ला सकाळी मी सव्वासहाला उठले. परसाचं दार उघडलं तर भाचा माझ्याआधी तिथे, अनवाणी, चुन्याच्या रेघेवर दोन्ही पाय जुळवून उभा. मला म्हणाला, "आत्या, तू आधी बघ."

मी पत्रा उचलून बघितलं. वरची राख थंड होती. सळी खाली घातली तर मधोमध एका जागी अजून कोमट लागत होतं.

झारी आणायला परत विहिरीवर गेले.